व्हाइट बेच्या बंद वीजकेंद्रात

सिडनीत मुलीकडे मी पहिल्यांदा गेलो ते २०१९ साली. व्हिक्टोरिया रोडवरून बसने शहराकडे जाताना अँझॅक पूल लागण्याच्या थोडे आधी डाव्या हाताला दोन उंच पोलादी धुराडी आणि त्यांच्या पायाशी काळवंडलेली एक प्रचंड इमारत दिसली, आणि शेजारी बसलेल्या मुलीला मी विचारले, "हे पॉवर हाऊस कधी बंद पडले गं?" ती इमारत कसली आहे हे तिला ठाऊकच नव्हते. मला ते कुणी सांगण्याची गरज नव्हती. विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्रात मी ऑपरेशन विभागात तेहतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बहुतेक वर्षे शिफ्टमध्ये काढली. एकीकडे बॉयलर हाऊसची उंची आणि तिला लागून टर्बाइन हॉलची लांबी दिसली की आत काय असेल ते आमच्यासारख्याला बाहेरूनच कळते. धुराड्यांतून धूर नव्हता, वाफेचा एकही पांढरा पुंजका नव्हता, आणि वीजकेंद्राच्या आसपास दिवसरात्र कानावर असणारी घरघरही नव्हती.

त्याच संध्याकाळी मी माहिती काढायला बसलो. हे व्हाइट बेचे वीजकेंद्र न्यू साउथ वेल्सच्या रेल्वे आणि ट्रामसाठी उभारलेले होते. बांधकाम १९१२ साली सुरू झाले, पहिला टप्पा १९१७ पर्यंत पुरा झाला, पुढे १९२०च्या दशकात आणि नंतर दुसऱ्या महायुद्धानंतर ते वाढवत नेले गेले. सिडनी शहरातल्या वीजकेंद्रांपैकी सर्वांत जास्त काळ चाललेले केंद्र हेच. २५ डिसेंबर १९८३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, ते बंद झाले आणि १९९९ साली त्याची राज्याच्या वारसा यादीत नोंद झाली.

एक गोष्ट वाचून मी थबकलो. सिडनीत पहिली विजेवरची लोकलगाडी १ मार्च १९२६ रोजी धावली, तीही १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. आपल्याकडे बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, आणि तिचाही दाब नेमका १५०० व्होल्टच होता. एकाच काळात, एकाच पद्धतीने या दोन बंदरांनी आपल्या गाड्या विजेवर आणल्या. मुंबईच्या गाड्या आता २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गेल्या, सिडनीच्या आजही १५०० वरच धावतात. रेल्वेने स्वतःचे वीजकेंद्र बांधावे ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. ठाकुर्लीचे रेल्वेचे पॉवर हाऊस आमच्या पिढीतल्या वीजवाल्यांना चांगले माहीत आहे. त्यामुळे व्हाइट बेची ती इमारत मला परदेशातली वाटेनाशी झाली आणि ती आतून पाहायचीच असे मी ठरवले.

तेव्हा ती लोकांसाठी उघडी नव्हती. भोवती कुंपण होते आणि जागोजागी धोक्याच्या पाट्या होत्या. जावयाच्या कार्यालयातला एक तरुण मात्र आत जाऊन आलेला होता. बंद कारखाने, जुने बोगदे, ओस रुग्णालये हिंडण्याचा त्याला छंद होता आणि त्याने काढलेली छायाचित्रे फार सुंदर होती: धुळीने भरलेल्या नियंत्रण कक्षात तिरपे पडलेले ऊन, गंजलेले जिने, भिंतींवरची रंगीत चित्रे. आपण एका रविवारी पहाटे जाऊ, कुंपणातली वाट मला माहीत आहे, असे त्याने अगदी मनापासून सुचवले. एवढा अनुभवी माणूस बरोबर असेल तर दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ तरी कळेल, असे त्याचे म्हणणे होते. मोह झाला हे मी लपवणार नाही. तरीही मी नाही म्हटले, आणि का म्हटले ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा छंद आता आपल्याकडच्या मुलांमध्येही पसरतो आहे.

वीजकेंद्रात कोणत्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी परमिट घ्यावे लागते. ते यंत्र विजेपासून तोडले आहे, वाफेचे आणि पाण्याचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घातले आहे, आत कुणी काम करत असल्याची पाटी लावली आहे, हे सगळे तपासून एक जबाबदार माणूस सही करतो आणि मगच दुसरा माणूस आत उतरतो. बंद केंद्रात ही सही कुणाची असते? कुणाचीच नसते, म्हणूनच बंद केंद्र चालू केंद्रापेक्षा जास्त धोक्याचे असते. बॉयलर हाऊसमध्ये चालायला जमीन नसते, लोखंडी जाळ्या असतात. त्यांच्या आधाराच्या कडा पस्तीस वर्षे समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिल्या की जाळी वरून शाबूत दिसते आणि पायाखालून निघून जाते. तळाशी राखेचे खड्डे, पाण्याचे चर आणि केबलचे बोगदे असतात. त्यांची झाकणे भंगार चोरणारे आधी उचलून नेतात.

ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या पण श्वासातून गेल्यास फुप्फुसे निकामी करणाऱ्या खनिज तंतूंचा, धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. त्या काळातल्या प्रत्येक बॉयलरला आणि वाफेच्या प्रत्येक नळाला उष्णता राखण्यासाठी जे लॅगिंग केलेले असे, त्यात ॲस्बेस्टॉस भरपूर असे. ऑस्ट्रेलियाने त्याच्यावर २००३च्या अखेरीस पूर्ण बंदी घातली. आमच्या वसाहतीत लॅगिंगच्या टोळीतला एक मुकादम होता. तरुणपणी तो ॲस्बेस्टॉसची दोरी मांडीवर घेऊन कातरीने कापत असे, अंगावर पांढरा भुगा घेऊनच डबा खायला बसत असे. निवृत्तीनंतर दोन जिने चढताना त्याला तीनदा थांबावे लागे. त्याचे ते थांबणे मी पाहिलेले आहे, त्यामुळे छायाचित्रातल्या त्या तिरप्या उन्हात तरंगणारी धूळ मला सुंदर वाटू शकली नाही. त्या तरुणाला मी हे सगळे सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि मला कुंपणाबाहेरून संपूर्ण इमारतीला फेरी घालून आणली. त्या वर्षी तेवढ्यावरच समाधान मानले.

पुढे महासाथीत दोन वर्षे जाणे झाले नाही. दरम्यान तिथल्या सरकारने केंद्राची दुरुस्ती आणि सफाई हाती घेतली, आणि ९ मार्च २०२४ पासून सिडनीच्या कला द्वैवार्षिकीसाठी ते पहिल्यांदाच सर्वसामान्यांसाठी उघडले. प्रवेश विनामूल्य होता. मुलीने फोनवर एवढेच सांगितले, "बाबा, तुमचे पॉवर हाऊस उघडले." एप्रिलमध्ये मी सिडनीला पोचलो आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी दार उघडण्याच्या वेळी जावयाबरोबर रांगेत उभा राहिलो. जाड तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशात छोटी विजेरी, असा शिफ्टला जातानाचाच पोशाख मी नकळत केला होता. घरातून निघतानाच जावयाने ते पाहिले आणि काही न बोलता आत परत जाऊन स्वतःचे सपाट तळाचे बूट बदलून आला होता.

आत गेलेले बहुतेक लोक टर्बाइन हॉलकडे वळत होते, कारण तिथे उजेड होता, उंची होती आणि कलाकृती मांडलेल्या होत्या. मी जावयाला म्हटले की आपण तिकडे शेवटी जाऊ. वीजकेंद्र पाहायचे असेल तर कोळशाच्या वाटेने चालावे. नवा माणूस नोकरीवर रुजू झाला की आम्ही त्यालाही पहिला आठवडा असेच फिरवत असू: कोळसा कुठून येतो, कुठे जळतो, राख कुठे पडते, वाफ कुठल्या नळातून निघते आणि शेवटी पाणी होऊन कुठे परतते. ही साखळी एकदा पायांनी चालून झाली की मग कागदावरचा नकाशा कळतो.

कोळसा इथे रेल्वेने येत असे. तो बॉयलरपर्यंत चढवण्याच्या व्यवस्थेचे अवशेष बाहेरच्या बाजूला आहेत. तिथून आम्ही बॉयलर हाऊसमध्ये शिरलो. एके काळी इथे बॉयलरांच्या रांगा होत्या, आता एकच जपून ठेवलेला आहे. तो एक पुरेसा आहे असे मला वाटले, कारण त्याच्या शेजारची रिकामी जागाच बाकीच्यांचा आकार सांगते. जिथे बॉयलर उभे होते तिथे आता छपरापर्यंत मोकळी हवा आहे, आणि भिंतींवर वेगवेगळ्या उंचीवर तोडलेले जिने, कापलेले नळ आणि कुठेच न जाणारी दारे दिसतात. नळाचे कापलेले तोंड मी बराच वेळ पाहत उभा होतो. नळाचा आतला व्यास लहान आणि पोलाद जाड, यावरून आतला दाब किती असेल याचा अंदाज येतो. जावयाला मी आमच्या २१० मेगावॅटच्या संचाचे आकडे सांगितले: वाफेचे तापमान साधारण ५४० अंश सेल्सिअस आणि बॉयलरच्या वरच्या ड्रममधला, म्हणजे जिथे पाण्यापासून वाफ वेगळी होते त्या टाकीतला, दाब दर चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोच्या घरात. अशी वाफ बारीक छिद्रातून गळू लागली तर ती दिसत नाही, फक्त शिट्टीसारखा आवाज येतो. त्या आवाजाच्या दिशेने हात पुढे करायचा नाही, हे आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवत असू.

बॉयलरच्या तळाशी गेलो तेव्हा गर्दी संपली होती. वर भट्टी, तिच्याखाली राखेचे हॉपर, म्हणजे राख गोळा होणारे नरसाळ्यासारखे मोठे कप्पे, आणि त्यांच्याखाली माणसाने उभे राहण्याची जागा. हॉपरच्या तोंडाशी कडेला एक पट्टी इतकी गुळगुळीत झालेली होती की बाकी सगळीकडे गंज असूनही तेवढी वीतभर जागा काळसर चमकत होती. मी विजेरी लावून पाहिले. लोखंडी सळई त्या कडेवर टेकवून आत अडकलेला क्लिंकर, म्हणजे वितळून दगड झालेली राख, फोडत असणार. टेकवण्याची जागा प्रत्येकाची तीच, कारण उंची आणि कोन तिथेच जमतो. किती वर्षे, किती शिफ्टमध्ये, किती माणसांनी ती सळई तिथे टेकवली असेल! आमच्याकडेही अशी एक कड होती. उन्हाळ्यात बाहेर सेहेचाळीस अंश असताना ही माणसे त्या तोंडाशी ओला टॉवेल डोक्याला बांधून उभी राहत, आणि वरच्या वातानुकूलित नियंत्रण कक्षातून आम्ही त्यांना फोनवर विचारत असू, मोकळे झाले का? वीजकेंद्राच्या सगळ्या इतिहासात टर्बाइनचे फोटो असतात, राखेच्या मजल्याचे नसतात. व्हाइट बेमध्ये ती वीतभर पट्टी कुणी घासून पुसून नवी केली नाही, तशीच राहू दिली, याबद्दल मला त्या दुरुस्ती करणाऱ्यांविषयी मनापासून आदर वाटला.

मग टर्बाइन हॉल. वर छपराला लागून संपूर्ण लांबीभर फिरणारी क्रेन अजून जागेवर आहे आणि खाली १९५०च्या दशकातला एक टर्बो-अल्टरनेटर, म्हणजे टर्बाइन आणि त्याला जोडलेले जनित्र, राखलेला आहे. चार्ल्स पार्सन्सने १८८४ साली वाफेवर फिरणारे पहिले उपयोगी टर्बाइन बनवले. व्हाइट बेचा पाया घातला गेला तेव्हा त्याला तीसही वर्षे झाली नव्हती. रेल्वेच्या त्या जुन्या यंत्रणेत वीज सेकंदाला २५ सायकलची होती. पुढे ५० सायकलची आली. दोन ध्रुवांचे यंत्र २५ सायकलसाठी मिनिटाला दीड हजार फेरे घेते आणि ५० साठी तीन हजार. आमची सगळी हयात तीन हजारांवर गेली. तो आकडा आमच्या अंगात इतका भिनलेला आहे की रात्रपाळीला झोपेची डुलकी लागली तरी आवाजाचा सूर किंचित उतरला की डोळे उघडत.

जावयाने विचारले की हे यंत्र बंद करताना नुसती वाफ तोडली की झाले का? मी त्याला रोटरजवळ नेऊन समजावले. टर्बाइनचा रोटर म्हणजे दोन टोकांना आधार दिलेला अनेक टनांचा तापलेला पोलादी दांडा असतो. वाफ तोडल्यावर तो थांबतो, पण गरम असताना तो एका जागी स्थिर राहिला तर स्वतःच्या वजनाने आणि वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहिल्याने वाकतो. म्हणून त्याला एका छोट्या मोटरने अगदी संथ, आमच्याकडे मिनिटाला तीन-चार फेरे, फिरवत ठेवावे लागते, पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे कित्येक तास, कधी दिवसही. १९८३च्या त्या नाताळात शेवटची वाफ तोडल्यावरही कुणीतरी हा रोटर असाच फिरवत ठेवला असेल का, हे मला कळायला मार्ग नाही. पुन्हा कधीच चालवायचे नसलेले यंत्र वाकले तरी बिघडत नाही. पण माझ्या ओळखीचा कुठलाही शिफ्ट इंजिनिअर ते तसेच सोडून घरी गेला नसता.

नियंत्रण कक्ष छोट्या गटाने, मार्गदर्शकाबरोबर पाहायचा होता. पायऱ्या चढताना माझ्या छातीत धडधडत होते, त्याला वय कारण नव्हते. ओळीने उभे फलक, त्यांवर काचेआडच्या तबकड्या, खाली मुठी असलेले स्विच, प्रत्येकाखाली नावाची पट्टी. मार्गदर्शक बाई चांगली माहिती देत होत्या. इतरांचे लक्ष खोलीच्या देखणेपणाकडे होते आणि ते स्वाभाविक होते, कारण ती खोली खरोखर देखणी आहे. माझी नजर मात्र सिंक्रोस्कोप शोधत होती. विजेच्या चालत्या जाळ्याला नवे यंत्र जोडताना ते जाळ्याशी जुळले का, हे सांगणारी हीच एक तबकडी पाहायची असते. काटा घड्याळाच्या दिशेने अगदी हळू फिरू द्यायचा, बाराच्या किंचित आधी ब्रेकर, म्हणजे यंत्र जाळ्याला जोडणारा मोठा स्विच, टाकायचा. काटा उलटा फिरत असेल तर यंत्राचा वेग कमी आहे, भरभर फिरत असेल तर जास्त आहे, आणि चुकीच्या क्षणी ब्रेकर टाकला तर सबंध यंत्राला जो हिसका बसतो तो पायाखालच्या काँक्रीटमधून पोटात जाणवतो. पहिल्यांदा मला ते करायला दिले तेव्हा माझे वरिष्ठ मागे उभे होते. त्यांनी तोंडाने काही सांगितले नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि योग्य क्षणी बोट दाबले. मार्गदर्शक बाईंनी गटाला काही प्रश्न आहेत का असे विचारले, तेव्हा हे मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. त्यांनी मला ते पुन्हा, सावकाश सांगायला लावले आणि वहीत लिहून घेतले.

त्याच खोलीत मला आमच्या केंद्राची फार आठवण झाली. माझ्या निवृत्तीच्या सुमारास आमचे जुने संच बंद झाले. वय झाले होते, कोळसा जास्त लागत होता, धूर जास्त होता. बंद करण्याचा निर्णय योग्यच होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण पुढे ते भंगारात विकले गेले तेव्हा सगळेच्या सगळे गेले. एक बॉयलर, एक टर्बाइन, नियंत्रण कक्षातला एक फलकसुद्धा मागे उरला नाही. गॅस कटरने ड्रम कापतानाचा फोटो एका सहकाऱ्याने पाठवला होता, तो मी मोबाइलमधून अजून काढलेला नाही. व्हाइट बेमध्येही बहुतेक यंत्रे गेलीच आहेत, पण साखळीतली प्रत्येक कडी एकेक का होईना ठेवलेली आहे, आणि म्हणूनच जावयाला, जो संगणकाच्या क्षेत्रातला आहे आणि ज्याने आयुष्यात बॉयलर पाहिला नव्हता, तीन तासांत कोळशापासून तारेपर्यंतचा सगळा प्रवास समजला. महाराष्ट्रात पुढची दहा-पंधरा वर्षे जुने संच बंद होतच राहतील. त्यांपैकी एका तरी ठिकाणी एक संच, त्याच्या राखेच्या मजल्यासकट, जागेवर राहू द्यावा असे मला फार वाटते, आणि हे ज्यांच्या हाती आहे त्यांना मी पत्रे लिहीत असतो.

एक कडी राहिली होती. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि तिला थंड करायला दुसरे पाणी लागते. आमच्याकडे त्यासाठी शीतकरण मनोरे होते आणि नदीवरचा बंधारा होता. पावसाळ्यात तिथल्या जाळ्यांत जलपर्णी अडकली की मध्यरात्री माणसे पाण्यात उतरवावी लागत. व्हाइट बेमध्ये मनोरे नाहीत, कारण समुद्र दाराशी आहे. खाडीचे खारे पाणी जमिनीखालच्या चरांतून आत घेतले जाई. ते कुठून येत असेल हे पाहण्यासाठी आम्ही बाहेर पडून खाडीच्या काठाने चालत गेलो. बंदराचा भाग असल्याने सगळीकडे जाता येत नव्हते. मागे वळून इमारतीची रेषा धरली आणि टर्बाइन हॉल ज्या बाजूला आहे ती दिशा घेऊन जावयाने स्वतःच बोट दाखवले, "बाबा, पाणी इथून कुठून तरी आत जात असणार ना?" मी त्याला विचारले की तुला असे का वाटते. तो म्हणाला, कंडेन्सर टर्बाइनच्या खाली असतो, आणि चर जितका आखूड तितका पंप लहान लागेल.

मुलीचा जेवायला येण्यासाठी फोन आला तेव्हा दीड वाजला होता. कलाकृती पाहायच्या राहूनच गेल्या होत्या, म्हणून पुढच्या शनिवारी तिघांनी मिळून पुन्हा यायचे ठरले.